वर उचललेला हात

८ जानेवारी

चि. चिंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्राची वाट पाहून डोळे शिणले, शेवटी मीच लिहायला बसले. बातमी ही, की बाबा तयार झाले! म्हणजे त्यांचा पुतळा. गाडीच्या जुन्या पाट्यांची पाठ, सायकलच्या चेनचे केस, आणि उजवा हात वर उचललेला. सुट्टी संपवून मी मामाकडे परत निघाले की फाटकाशी उभे राहून ते हात करायचे ना, अगदी तसा. त्या हाताने मला रडवलं. वजनाने खांद्याचा जोड सारखा सुटायचा, म्हणून आतून जाड सळई घालून वेल्डिंग केलं. आता जन्मात खाली येणार नाही.

पण चिंगे, मला आईची काळजी वाटते. हात जोडला त्या दिवसापासून ती मागच्या अंगणात पाऊल टाकत नाही. दोरीवरचे कपडेसुद्धा मीच काढते. ठिणग्यांना घाबरत असेल म्हणून ती दुपारी झोपल्यावर काम करून पाहिलं, तरी तेच. परवा माझ्या हातून पत्रा पडला, तर दाराआडून अगदी हळू आवाजात विचारत होती, की ते आले का. बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली! डॉक्टरांकडे न्यायला हवं, पण ते काय सांगतील या भीतीने रोज उद्यावर ढकलते.

येत्या रविवारी पुतळा पुढच्या दाराशी बसवणार आहे. बोल्टसाठी काँक्रीट भरून झालंय. रोज डोळ्यांसमोर बाबा दिसले की तिला बरं वाटेल. सोबत फोटो आहे. काय थट्टा करायची ती कर, पण नाकाला नावं ठेवू नकोस. तेच नाक तुझ्याकडेही आहे.

तुझी वाट पाहणारी,
ताई

११ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन केला की आईच उचलते, म्हणून घाईघाईने हे पत्र. रविवारच्या आत तुला मिळू दे.

तुझं पाकीट मी ऑफिसात फोडलं. फोटो पाहिला आणि दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली वाकले. समोरच्या बाई विचारत राहिल्या, काय झालं म्हणून. चाळिशी उलटलेली बाई मी, आणि कागदावरच्या लोखंडाला घाबरते! फोटो कपाटात उपडा ठेवलाय, तरी त्या कपाटाकडे पाठ करून बसवत नाही.

आईच्या डोक्याला काही झालेलं नाही, ताई. तू तिसरीपासून मामाकडे. तू यायचीस तेव्हा तुझ्यासमोर बाबा म्हणजे नुसती साखर. तुझी पाठ वळली की तोच हात आमच्यावर उठायचा. आधी आईवर, मी मध्ये पडले की माझ्यावर. हातात जे असेल त्यासकट. तू तो इतका हुबेहूब केला आहेस, की पुढचं सगळं मला दिसलं. यातलं तुला काही कळू द्यायचं नाही, अशी आईने मला शपथ घातली होती. का, ते कधी सांगितलं नाही. ती शपथ आज मोडते आहे. तुझा विश्वास बसणार नाही, याचीही भीती वाटते. माझ्यावर हवं तेवढं रागाव, पण त्यांना दाराशी उभं करू नकोस. रोज त्या हाताखालून ती घरात कशी जाईल?

तुझा लोभ या पत्रानंतरही राहू दे, एवढंच मागणं.

तुझी,
चिंगी

१६ जानेवारी

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र शनिवारी मिळालं. आधी तुझाच राग आला, खोटं कशाला बोलू. चुरगाळून फेकून दिलं. मग अंगणात गेले आणि पुतळ्यासमोर गुडघ्यांवर बसले, लहानपणी तू जेवढी होतीस तेवढी होऊन. वर पाहिलं. हात मीच केलेला, त्याचं एक एक बोट मीच जोडलेलं, आणि माझे डोळे आपोआप घट्ट मिटले.

तशीच उठले आणि ग्राइंडर लावला. सळई काही केल्या तुटेना. अखेर हात फरशीवर पडला, त्या आवाजाने आई दारात आली. मला वाटलं होतं, ती सुटल्यासारखी रडेल. ती पांढरीफटक पडली होती. तुला कोणी सांगितलं, एवढंच तिने विचारलं. मी मान खाली घातली, त्यातच तिला कळलं. मग उंबऱ्यावर बसून म्हणू लागली, की तो परत जोडून टाक. दोघींपैकी एकीला तरी चांगला बाप आहे, एवढ्या एका गोष्टीवर तिने ती सगळी वर्षं काढली होती. तो तुझा बाप होता, त्याला कशाला तोडलंस, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

मी जोडला नाही. हात भंगारवाल्याला दिला, बाकीचं सगळं ताडपत्रीखाली आहे. आई आता अंगणात येते, पण ताडपत्री नीट बांधलेली आहे ना, हे आधी पाहून घेते.

चिंगे, रजा काढून ये. आईजवळ एकटीने बसायचं मला धाडस होत नाही, कारण एक प्रश्न सारखा ओठांवर येतो. मी परत निघायचे तेव्हा फाटकाशी नेहमी बाबा एकटेच असायचे. आई कधीच बाहेर आली नाही. तिला रडू आवरत नसेल, असं मी आजवर समजत होते. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काय असायचं, हे तुला माहीत असेल तर पत्रात लिहू नकोस. ये, आणि माझ्या शेजारी बसून सांग.

तुझीच,
ताई