दुसऱ्या गुंडीवरचा हात

गावाकडून, दि. ३ नोव्हेंबर

ती. शिलाआत्यास,
सविनय जयभीम, वि. वि.

फोन केला तर प्रमोदकाका स्पीकर लावायला सांगतात, आणि विषय त्यांचाच आहे, म्हणून हे पत्र. काका सरपंचपदाला उभे आहेत हे तू जाणतेसच. दहावीला मराठीत मी तालुक्यात पहिली आले होते, या अपराधाबद्दल त्यांचे परिचयपत्रक मी लिहायचे ठरले आहे. त्यात आबांनी, म्हणजे तुझ्या वडिलांनी, एकाहत्तरच्या युद्धात शत्रूचा रणगाडा एकट्याने काबीज केल्याचा उल्लेख हवा आहे. सोमवारी रणगाडा एक होता; बुधवारी चहानंतर दोन झाले. छपाई लांबली तर शत्रूकडे एकही उरणार नाही.

विरोधक हरिचंदराव मागे नाहीत. त्यांची जीप दिवसातून चार वेळा आपल्या दारावरून जाते आणि आबा लढाईतून पळाले, हे पळपुट्याचे घर, असे भोंग्यावरून सांगते. स्वतःच्या वडिलांचा गणवेशातला फोटो मात्र त्यांनी काकांनी लावलेल्या, आबांच्या तशाच फोटोच्या फलकासमोरच उभा केला आहे.

आजी चार दिवस धड जेवलेली नाही. जीप आली की आबांच्या फोटोकडे पाठ करून बसते. निवडणूक होईपर्यंत तोंड उघडायचे नाही, अशी शपथ काकांनी तिला घातली आहे. काल एवढेच म्हणाली, की तू शिकलेली हायेस, खरं काय ते लिही. आत्या, मला खरे ठाऊकच नाही. तू सांगशील का?

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
ऐश्वर्या

आखाडा बाळापूर, दि. ७ नोव्हेंबर

चि. ऐश्वर्यास,
अ. उ. आ.

ज्या प्रमोदला लहानपणी शेजारच्या कोंबड्याची भीती वाटे, त्याच्या घराण्यात रणगाडे निघाले हे वाचून करमणूक झाली. आईचे वाचून मात्र हसू पळाले.

आबा पलटणीत स्वयंपाकी होते. सेवापुस्तक माझ्या पेटीत आहे. झेरॉक्स सोबत पाठवते. पुढच्या खंदकांतल्या जवानांना गरम जेवण पोचवायचे काम त्यांच्याकडे होते. तोफा सुरू असताना ते वरणाचे भगुने घेऊन धावले आणि हात कोपरापर्यंत भाजून घेतला. त्याच डागाला प्रमोद आता गोळीची जखम म्हणतो. बाप चुलीपुढे बसत होता हे सांगायची त्याला लाज वाटते.

आबांचा तो गणवेशातला फोटो नरसीच्या जत्रेतला आहे. आबांच्या स्वतःच्या गणवेशावर हळदीचे डाग होते आणि आईला बिल्ल्यांचा फोटो हवा होता. फोटोवाल्याकडे बिल्ले शिवलेला एक कोट होता. त्याची दुसरी गुंडी तुटलेली, म्हणून त्याने आबांना छातीवर हात ठेवायला लावला. तो हात पाहून लोकांना आता देश आठवत असेल.

भिऊ नकोस. आईला चार घास भरव. तुझी पत्रे येत राहोत, म्हणजे मलाही माहेर राहील.

तुझी,
शिलाआत्या

गावाकडून, दि. १६ नोव्हेंबर

ती. शिलाआत्यास,
सविनय जयभीम, वि. वि.

तुझे पत्र वाचून मी दोन्ही फलकांखाली जाऊन उभी राहिले. हरिचंदरावांच्या वडिलांचाही हात छातीवर आहे, बरोबर दुसऱ्या गुंडीवर. तेच बिल्ले, मागे तोच पडदा आणि त्यावर तेच शेपूट नसलेले विमान. हे गृहस्थ हिंगोलीच्या पुढे कधी गेले नसल्याचे गावातले म्हातारे सांगतात.

मी आजीसमोरच काकांना सेवापुस्तकाची झेरॉक्स दिली आणि कोटाचेही सांगितले. त्यांनी झेरॉक्स घडी करून खिशात घातली आणि थेट हरिचंदरावांचे घर गाठले. संध्याकाळी भोंगा बंद झाला. मला वाटले, सत्याचा विजय झाला. दुसऱ्या दिवशी एकच मोठा फलक लागला: खांद्याला खांदा लावून लढलेले दोन वीर. एकाने दुसऱ्याचा कोट काढायचा नाही आणि जो हरेल त्याने उपसरपंच व्हायचे, असे ठरले होते. या दोन वीरांवर पत्रक लिहायला काकांनी मला सांगितले. मी नाही म्हणाले. मोठ्यांना नाही म्हणण्याची ही माझी पहिलीच वेळ. आवाज इतका बारीक होता की दोनदा म्हणावे लागले.

मग दोघांची मिळून सभा झाली. वीरपत्नी म्हणून आजीच्या खांद्यावर शाल घातली आणि फोटोपुरता माईक हातात दिला. फोटो काढून झाला, तरी आजीने माईक सोडला नाही. म्हणाली, “कोट जत्रेतला हाये, दोघायचा बी. माह्या मालकानं रणगाडा न्हाई धरला, भगुनं धरलं. पळाले म्हनता ना? व्हय, पळाले. पोरं जिकडं उपाशी व्हती, तिकडं पळाले.”

पहिली टाळी व्यासपीठावरच्या दोन्ही उमेदवारांनी वाजवली, कारण सगळे मोबाईल त्यांच्याकडे वळले होते.

आज सकाळी पुन्हा नवा फलक लागला. कोट तेच, छातीवरचे हात तेच. फक्त दोघांच्याही मोकळ्या हातात आता पळी रंगवली आहे. हरिचंदरावांच्या वडिलांची पळी जरा मोठी आहे.

शपथ मोडली म्हणून काका आजीशी बोलत नाहीत. आजीचे तिकडे लक्ष नाही. ती आज फोटोकडे तोंड करून जेवायला बसली आणि वरण दुसऱ्यांदा मागून घेतले.

आहे तोच जिव्हाळा राहू दे.

तुझी भाची,
ऐश्वर्या