आज भीती का वाटली नाही

शुक्रवार, जेवणाआधी

आमचे हे पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवायचे, तेव्हा संध्याकाळ झाली की हे नीट परततील ना म्हणून माझ्या छातीत धडधडायचं. पाववाल्या पोदेराकडचा उंडा चहात बुडवला तरी घशाखाली उतरायचा नाही. खाण बंद झाली, ट्रक अंगणात उभा राहिला, हे दिवसभर डोळ्यांसमोर. तरी धडधड तशीच. मग इतकी वर्षं मी भ्यायचे कशाला?

आज हे म्हापशाच्या बाजाराला गेले आणि वेळेवर परतले नाहीत. फोनही लागेना. आज तर भिण्यासारखं खरंच होतं. आणि मी? शांत बसून उंडा खाल्ला. चवीने. माझा संपवला, मग यांच्या वाटणीचाही. असं कसं?

दिवेलागणीनंतर आले. "बस चुकली गो. भियालंस?"

"नाही," म्हटलं. खरंच नव्हते भ्याले. मग हे हातपाय धुऊन समोर बसले, आणि धडधड परत सुरू!

खरी काळजी मिळाली की बरं वाटतं, असं कुणाचं असतं का? धडधडीसाठी ज्यांच्याकडे जाते, त्या डॉक्टरांना काय सांगू?

मघाशी यांनी डबा उघडून विचारलं, "माझ्यासाठी उंडो उरलो नाय गो?"

माझ्या तोंडून भलतंच निघालं, "पुढच्या शुक्रवारीही जाल ना बाजाराला?"