शेंदराची खोळ

उंबरजाईची वाडी,
बुधवार, ता. ७ मे १९६९

प्रिय गेणूदादा,

मोठ्या भावाला तीर्थरूप लिहायची रीत आहे. मी लिहायला घेतलेही होते. ती दीर्घ, रू दीर्घ, सगळे बरोबर आले, पण पुढे हात चालेना. म्हणून तो कागद बाजूला ठेवून हा दुसरा घेतला. प्रिय लिहिताना हात अडला नाही. अक्षरे मोठी आणि सुटी काढली आहेत. सावकाश वाच, दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ नकोस, आणि वहिनीसमोर मोठ्याने वाचू नकोस.

घरचे सगळे ठीक आहे. आईचा गुडघा उतरणीला दुखतो, चढणीला दुखत नाही. तांबडीला कालवड झाली. भाताच्या रोपाचे राब भाजून झाले, यंदा तू नव्हतास म्हणून कान्हूआबांचे दोघे जावई आले होते. त्यांनी काम कमी केले आणि तुझ्या नावाने थट्टा जास्त केली. मी अजून रोज गाडीने जाऊन-येऊन लोणावळ्याला चिक्कीच्या त्याच दुकानात आहे, पार्सलांवर पत्ते लिहितो. माझ्या हातचे एकही पार्सल अजून परत आलेले नाही, असे शेठ गिऱ्हाइकांना सांगतात.

उंबरजाई गेल्याचे मी तुला शिमग्याच्या आधीच कार्डावर कळवले होते. तुझे उत्तर आले नाही. कार्ड पोहोचले नसेल, असे मी आईला सांगितले आहे.

कार्डावर जागा कमी होती म्हणून सगळे लिहिले नव्हते. आई सकाळी पाणी घालायला गेली तर उंबराखाली देवी नव्हती. शेंदराची खोळ तेवढी नारळाच्या करवंटीसारखी फुटून पडली होती, आणि चांदीचे दोन्ही डोळे एका पळसाच्या पानावर शेजारी शेजारी ठेवलेले होते, उजवा उजवीकडे, डावा डावीकडे. पान उडू नये म्हणून देठावर खडा ठेवला होता. आई बराच वेळ त्या पानाकडेच बघत बसली. मग म्हणाली (आई बोलली तसेच लिहितो), "ह्यो चोर हाय का पुजारी?" बाकीचे लोक हसले. मी हसलो नाही. आपल्या घराखेरीज त्या डोळ्यांना हात लावायचा मान कोणाचा नाही, हे त्या वेळी माझ्या मनात आले होते. मी ते मनातून काढून टाकले.

तक्रार मीच लिहिली. फौजदार म्हणाले वर्णन द्या. मी असे दिले: "शेंदरी तांदळा, उंची सुमारे एक हात, नाक-तोंड नाही, डोळे चांदीचे, ते चोरीस गेलेले नाहीत." फौजदारांनी माझ्या अक्षराची तारीफ केली आणि सहावीत शाळा का सोडलीस म्हणून विचारले. एकही चूक नव्हती त्या कागदात, दादा. आणि तो सगळाच चुकीचा होता.

कान्हूआबा ती गोष्ट सांगायचे, आठवते ना? लोहगडाला फौज आली तेव्हा वाटेतली देवळे फोडत आणि मूर्ती उचलून नेत आली. कुठली फौज ते आबा दर वेळी वेगळे सांगतात. आपल्या कोणा पणज्याने एका दुपारीत देवीला तेल आणि शेंदूर असा थापला की नाक, डोळे, हात सगळे आत गेले आणि वर नुसता लाल धोंडा राहिला. शिपाई आले, त्या धोंड्याला टेकून बसले, भाकरी खाल्ली आणि निघून गेले. तेव्हापासून दर चैत्री पुनवेला नवा थर. खोळ आपसूक गळाली तर पुजाऱ्याने डोळे मिटून पुन्हा शेंदूर लावायचा, बघायचे नाही. तू विचारायचास, "आन् पुजाऱ्यानं चोरून बगितलं तर?" आपले बापू स्वतः पुजारी, ते म्हणायचे, "तर त्याला ती रोज दिसंल." मला ही भीतीची गोष्ट वाटायची. तुला वाटायची नाही.

आता गेल्या शुक्रवारचे लिहितो. शिपाई निरोप घेऊन वाडीवर आला की लोणावळा स्टेशनावर एक मूर्ती सापडली आहे, ओळख पटवायला या. आई, कान्हूआबा, मी आणि आणखी चौघे, मळवलीपर्यंत पायी आणि पुढे गाडीने गेलो. टेबलावर ती उभी होती. काळ्या दगडाची बाई, चार हात, गळ्यात तीन पदरांची माळ, कमरेला घुंगरांची साखळी. इतके बारीक काम मी कधी पाहिलेले नाही. तोंडाकडे मी पाहिले नाही. इतक्या पिढ्यांत कोणी पाहिले नव्हते, आणि पोलीस ठाण्यात, ट्यूबच्या उजेडात पाहायचे हे मला बरे वाटेना.

फौजदार म्हणाले, "नीट बघा आबा. ही तुमची का?"

आबा म्हणाले, "आमची कशी व्हईल? आमच्या बाईला नाक न्हाई."

हवालदार म्हणाला, "नाक न्हाई तर उदबत्तीचा वास कशानं घेती?" सगळे हसले. आबाही हसले, नाक शेंदराच्या आत गेल्याची स्वतःचीच गोष्ट त्यांना आठवली नाही. आईने मात्र हात जोडले. "कुनाची हाय ती असू द्या. बाई हाय, उगडी उबी हाय. अंगावर कायतरी घाला तिच्या." फौजदारांनी रुमाल दिला, आईने तो पदरासारखा तिच्या डोक्यावरून घेतला.

मग सगळे माझ्याकडे बघू लागले. वाडीत लिहिता-वाचता येणारा मी. मी वाकून पाहिले. रुमालाच्या कडेखाली, तिच्या उजव्या कानामागे शेंदराची एक बारीक रेघ राहिली होती, आणि तिला तेलाचा तो वास येत होता, पुनवेच्या रात्री जेवताना बापूंच्या हाताला यायचा तो. दादा, मी तोंड उघडले होते. "हो साहेब, हीच" हे शब्द जिभेवर होते.

तेवढ्यात फौजदारांनी खणातून एक चिठ्ठी काढली. मूर्ती ज्या बोचक्यात सापडली त्याला ती बांधलेली होती. बोचके नेणाऱ्याला हमालाने विचारले की काचेला एवढे वजन कसे, तेव्हा तो बोचके टाकून फलाटावरून उडी मारून पळाला. चिठ्ठीवर होते: "काचेचे सामान. सांबाळून आनने."

आपण एका वर्गात तीन वर्षे एका बस्करावर बसलो. तू दोन वर्षांनी मोठा आणि मी तुझ्या चुका पुसायचो. गुरुजी तुझ्याजवळ येण्याआधी मी तुझ्या पाटीवरचा न पुसून ण करायचो. तू स्वतःचे नावसुद्धा गेनू लिहायचास आणि म्हणायचास, "आय गेनूच म्हनती, मग बाराखडीचं काय बिगाडलं?" असे लिहिणारे आणखीही असतील. पण अनुस्वाराला टिंब न देता शून्यासारखा गोल काढणारा आणि त्या गोलाच्या आत पुन्हा एक टिंब देणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला आहे. गुरुजींनी त्यासाठी तुला किती छड्या मारल्या! "सांबाळून" मधला सां तसाच होता. आत टिंब.

फौजदार म्हणाले, "मूर्ती तुमची असली तर चोरीचा गुन्हा उभा राहतो. मग हे अक्षर कोणाचं ते शोधायला मला एक दिवस पुरे. वाडीत लिहिणारे किती?" आबा लगेच अभिमानाने म्हणाले, "दोघं. ह्यो सावळा, आन् ह्याचा थोरला, ममईला साहेबाकडं माळी हाय."

मी म्हणालो, "नाही साहेब. ही आमची नाही." आणि कागदावर लिहून दिले, "मूर्तीची ओळख पटत नाही." ळ, ख, ट, सगळे स्वच्छ. खाली सही केली. आबांनी अंगठा दिला.  परत येताना शेवटच्या चढावर आई म्हणाली, "त्या बाईला कुनी घरी न्हेनार न्हाई का रं?"

मला तुझ्या लेकीचा, चिंगीचा, तो दिवस आठवतो. तिला ताप होता आणि तीन दिवस आपण देवीचा अंगारा लावत होतो. चौथ्या दिवशी तू मला डॉक्टरसाठी चिठ्ठी लिहायला सांगितलेस. मी लिहिली, एक वेलांटी चुकली म्हणून फाडली आणि पुन्हा लिहिली. तू दारात चपला घालून उभा होतास. तेवढा वेळ वाचला असता तर पोर वाचली असती असे डॉक्टर म्हणाले नाहीत, पण मी तो वेळ विसरलेलो नाही. पोरीला मूठमाती देऊन येताना तू उंबराखाली थांबलास आणि सगळ्यांदेखत म्हणालास, "डोळे हायेत चांदीचे. दिसत मातुर न्हाई हिला." त्यानंतर तू तिकडे फिरकला नाहीस. देवी आणून दे म्हणताना साहेबाने तुला काय सांगितले, काचेच्या कपाटात दिवा लावून ठेवू म्हणाला की आणखी काही, मला ठाऊक नाही आणि विचारतही नाही. पण तू डोळे पानावर ठेवलेस, दादा. ज्याच्या मनातून देवी गेली तो देठावर खडा ठेवत नाही.

आता हे पत्र का लिहिले ते सांगतो. खोळीचे तुकडे आईने पाटीत भरून ठेवले होते. चैत्री पुनवेला तिने रिकाम्या जागेवर शेंदूर लावला आणि त्या तुकड्यांनाही बोट लावले. शुक्रवारी परत आल्यावर मी तो ढीग उपसला. तुकडे एकवीस आहेत. मेणाने जोडले. दादा, खोळ आतून गुळगुळीत आहे आणि तिच्यात देवीचा चेहरा आहे, साच्यात असतो तसा, आत गेलेला. नाक, ओठ, उजव्या भुवईवर टाकीचा एक टवका, सगळे उलटे उमटले आहे. आणि ती पोकळी कुठूनही पाहिली तरी तो चेहरा आपल्याकडेच वळतो. बापू म्हणाले होते तसेच झाले, फक्त चोरून पाहणारा मी निघालो. ही खोळ त्या मूर्तीवर बसवली तर फौजदारांना दुसरा पुरावा लागणार नाही. देवी घरी येईल, आणि त्याच दिवशी शिपाई तुझ्याकडे निघेल. नाही नेली, तर सोमवारी, १९ तारखेला, बेवारस म्हणून मूर्ती पुढे पाठवणार आहेत. कुठे, ते फौजदारांनाही माहीत नाही. खोळ माझ्या खाटेखाली गोणपाटात आहे. आई त्याच खाटेला टेकून तांदूळ निवडते आणि मला विचारते की तुला झोप का लागत नाही. मला ठरवता येत नाही, दादा. लहानपणी काय पुसायचे ते मला कळायचे, आता कळत नाही. तू मोठा आहेस, तू ठरव. कार्डावर एकच शब्द पाठव, "ने" किंवा "नको". दोन्हींत अनुस्वार नाही आणि ण नाही, तुझी काहीच चूक होणार नाही. तरीही तो शब्द दुसऱ्याच्या हातून लिहून घे. तुझे अक्षर फौजदारांनी जपून ठेवले आहे.

तुझाच, तुझी पाटी पुसणारा,
सावळा