रेणूताईचा उजवा कान

गोरेगाव, ८ जानेवारी

चि. हिमांशुस रेणूताईचे अ. आ.

फोनवर तुझं बोलणं अर्धंच ऐकू येते, म्हणून कागद घेतला. डावा कान तर लहानपणीच गेला. आता उजवाही वाहून राहिला. पाणी थोडंसंच, पण वास असा की जेवताना मी तुझ्या भाऊजींपासून दूर बसते. गोंदियाच्या डॉक्टरने स्कॅन करायला लावला, त्याची सीडी सोबत आहे. कानाचा डॉक्टर होऊन राहिला, पण बहिणीचं कधी ऐकलं नाही! आता तरी बघ आणि खरं सांग. आपल्या अंजूचं लग्न ठरलं, मे महिन्यात. मुलाकडचे सौंदडचे.

माया आहे ती आटू देऊ नको.
तुझी रेणूताई


नागपूर, १६ जानेवारी

ती. रेणूताईस सा. न.

सीडी आमच्या सर्जन मॅडमना दाखवली. ताई, हे साधं कान फुटणं नाही. पडदा आत ओढला जाऊन त्याची पिशवी झाली आहे. तिच्यात मेलेली कातडी साचते आणि ती आजूबाजूचं हाड खाते. आम्ही त्याला कोलेस्टिटोमा म्हणतो. कॅन्सर नाही. काहींना तो जन्मापासून असतो, तुला नंतर झाला. किती पसरला त्यावरून चार पायऱ्या मोजतात. कानाच्या एकाच कप्प्यात असला तर पहिली, जास्त कप्प्यांत गेला तर दुसरी. चेहऱ्याच्या नसेला किंवा तोलाला धक्का लागला की तिसरी. मेंदूपर्यंत गेला की चौथी. तुझा कानामागच्या हाडात उतरला आहे, म्हणजे दुसरी.

औषधाने जाणार नाही, ऑपरेशनच लागेल. ऐकणारा तुझा हा एकच कान; त्याचं ऐकणं कमी होईल, कदाचित पूर्ण जाईलही. तरी ये. भाऊजींना घेऊन लगेच ये.

तुझ्या रागाची आणि मायेची सवय असलेला,
हिमांशु


गोरेगाव, ३० जानेवारी

चि. हिमांशुस अ. आ.

चारातली दुसरीच ना? मग मे महिना होऊ दे. पोरीच्या लग्नात बहिरी बसू काय? मंगलाष्टकं, तिची पाठवणी, एवढं ऐकू दे, मग खुशाल काप. आणि आता दवाखान्यात गेले तर सौंदडचे पाहुणे म्हणतील, आईला असं आहे, पोरीलेही होईल. यांना सांगितलं आहे, पण शपथ घालून. अंजूला काही बोलशील तर तुला माझी शपथ.

रागाव, पण तोडू नको.
तुझी ताई


सौंदड, २२ मे

ती. मामांस अंजूचा शि. सा. न.

आईच्या तेरवीला सगळ्यांसमोर विचारता आलं नाही. सासरी फोनवरही बोलता येत नाही. हळदीच्या दिवशी आईचं तोंड एका बाजूला वळलं होतं. काऊन असं झालं विचारलं, तर वारं लागलं म्हणाली. लग्नात पदर ओढून बसली. एक डोळा मिटत नव्हता, सारखं पाणी येत होतं. बायका म्हणाल्या, लेकीसाठी रडून राहिली. तुम्ही मला मांडवात आणलं तेव्हा सारखे आईकडेच बघत होता, तीही मी मायाच समजले.

बाबांनी आता सांगितलं, तिला जानेवारीपासून माहीत होतं. मामा, माझं लग्न नसतं तर आई वाचली असती काय?

पोरकी झाले, तुम्ही विसरू नका.
अंजू


नागपूर, २७ मे

चि. सौ. अंजूस मामाचे अ. आ.

जानेवारीत ऑपरेशन झालं असतं तर ताई बहुतेक वाचली असती. बहिरी झाली असती कदाचित, पण असती. हे तुझ्यापासून लपवणार नाही. तुला मात्र कोणी विचारलंच नव्हतं. कळलं असतं तर तू लग्न पुढे ढकललं असतंस, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर शपथ घातली. ती मी पाळली, तुझ्या बाबांनीही पाळली. हे आमच्याकडे राहू दे, तू उचलू नको.

मांडवात तिचा चेहरा बघितला आणि तिसरी पायरी ओळखली. आत्ताच गाडीत बस म्हणालो. पाठवणी होऊ दे म्हणाली. तुझी गाडी वळली तसे आम्ही निघालो. भंडाऱ्यापर्यंत शुद्धीवर होती. अंजू किती मोठ्याने रडली, एवढंच म्हणाली. मग ताप चढला आणि बडबडू लागली. मेंदूत पू झाला होता. मॅडमनी त्याच रात्री कान उघडला, डोकंही उघडावं लागलं. मी बाजूला उभा होतो. ती उठली नाही.

सासरी कोणी विचारलं, आई कशाने गेली, तर कानाने गेली असंच सांग. लाजू नको.

येत जा, लिहीत जा.
तुझा मामा,
हिमांशु