रूबीच्या तोंडावरची राख

मी, विनिफ्रेड टली, वय ७८, राहणार बार्लो क्रीक आदिवासी वस्ती, न्यू साउथ वेल्स, ऑस्ट्रेलिया, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. हात थरथरतो, डोके नाही.

१. माझा मासे धरायचा गळ व कुऱ्हाड शेजारच्या सिरिलला द्यावी. कुत्रा देऊ नये. तो त्याला उपाशी मारील.

२. चर्चला काहीही देऊ नये, पाद्री रडला तरी.

३. राहते घर माझी धाकटी बहीण पर्ल हिला मिळावे. मात्र एका अटीवर. दर गुरुवारी दवाखान्याच्या अंगणात आमची माणसे मन मोकळे करायला गोल करून बसतात. सरकारने उचलून नेलेल्या मुलांविषयी बोलतात, रडतात, चहा पितात, हलकी होऊन घरी जातात. पर्ल इतरांचे डोळे पुसते, स्वतः मात्र तोंड उघडत नाही. तिने तिथे उभे राहून सांगावे, "रूबीचं तोंड मी धुतलं."

रूबी माझी मुलगी. रंगाने उजळ. आमची उजळ मुले गोऱ्यांसारखी वाढवायची म्हणून पोलीस उचलून न्यायचे; त्यामुळे तिला आम्ही रोज चरबीत कालवलेली राख फासत असू. १९४९ साली एका सकाळी त्यांची गाडी आली, तेव्हा पोर लख्ख धुतलेली होती. दीड वर्षाची. पुन्हा दिसली नाही.

पर्ल तेव्हा सहा वर्षांची. "ताई, मला कळलं नाही गं," असे ती साठ वर्षे म्हणत आली. "मला काय सांगतेस? रूबीला सांग जा," असे मी दर वेळी म्हटले. तिने लग्न केले नाही. माझे कपडे धुतले, माझी नखे कापली. मी तिला एकदाही 'पुरे' म्हटले नाही.

४. पुढील मजकूर दवाखान्यातील नर्स ग्लेनिस मरे हिने, पर्लचे बोलून झाल्यावरच, सर्वांसमोर वाचावा. आधी वाचू नये.

त्या सकाळी वस्ती चालवणाऱ्या मिशनची गोरी मॅडम बाळ बघायला येणार, असे मी ऐकले होते. बरबटलेल्या पोरीची मला लाज वाटली. बादली मीच भरून पर्लपुढे ठेवली आणि म्हटले, "चांगली घासून काढ." पर्लला ते आठवत नाही. मीही आठवू दिले नाही. जिवंतपणी सांगितले असते तर ती मला सोडून गेली असती, आणि माझे करायला कोणी उरले नसते.

सही : विनिफ्रेड टली
साक्षीदार : १) ऑर्विल डिक्सन २) बेरिल क्वेल
बार्लो क्रीक, १४ मे २००९