साहेबांच्या सहीचा कोरा कागद

प्रिय अण्णा,

"दार वाजवायच्या आधी त्या घराची अडचण ठाऊक असली पाहिजे." मी नऊ-दहा वर्षांची असताना तुम्ही जिन्यात थांबून मला हे सांगितलं होतंत. आज जुरोंग आयलंडवरच्या कामावरून घरी परतताना, कंपनी बसमध्ये ते आठवलं आणि फोनवरच लिहायला घेतलं. काल तुमच्या नातीशी मी खोटं बोलले, तेही तुमच्याबद्दल.

इरा शाळेसाठी जुन्या अमेरिकन शहरांवर वाचतेय. तिथे वॉर्डावॉर्डात पुढाऱ्याचा माणूस असे, त्याला 'बॉस' म्हणत. बोटीतून उतरलेल्यांना तो नोकरी, खोली, कोळसा मिळवून द्यायचा. ते त्याच्या पक्षाला मतं द्यायचे. मी म्हटलं, "अगं, आजोबा आमच्या नगरसेवक साहेबांसाठी हेच करायचे."

"आजोबा बॉस होते लाह!" इरा तिच्या इथल्या शाळेतल्या सुरात म्हणाली.

"बॉस कसले! साहेबांच्या स्कूटरवर मागे बसायचे."

पण खरं सांगू? अख्खा वॉर्ड तुमच्या डोक्यात होता! कुणाचा नळ अडलाय, कुणाच्या पोराला शाळेत घेत नाहीत. कुणी गेलं, तर रडण्याचा आवाज खाली पोचायच्या आत तुम्ही डॉक्टरांचा दाखला घेऊन दारात. आणि ती रेक्झिनची बॅग! साहेबांनी आधीच सही करून ठेवलेली कोरी लेटरहेडं तिच्यात. कुणाच्याही ओट्यावर बसून, गुडघ्यावर बॅग ठेवून तुम्ही शिफारस लिहायचात, आणि ऑफिसातली माणसं उठून उभी राहायची. मतदानाच्या दिवशी कधी मत मागितलंत? नुसते कोपऱ्यावर, हात मागे बांधून उभे. लोक तुमच्याकडे बघून आत जायचे.

मग इराने विचारलं, "तुझा फर्स्ट जॉब पण त्यांनीच दिला?"

मी "नाही" म्हणाले.

अण्णा, पालिकेच्या पाणी खात्यात जागा एकच होती. मुलाखतीला माझ्या आधी आत गेलेल्या मुलीची उत्तरं मी दारातून ऐकली होती. माझ्यापेक्षा कितीतरी चांगली! चार दिवसांनी चपला काढता काढता तुम्ही म्हणालात, "झालं तुझं काम." वॉर्डातल्या लोकांना सांगायचात, त्याच सुरात. बॅगेतला एक कागद माझ्यासाठीही निघाला होता, हे मला तेव्हाच कळलं. मला आधी विचारायचं नाहीत का? पण मी तरी कुठे काही म्हणाले! पेढे आणायला धावले. त्याच अनुभवावर पुढे या देशात नोकरी करायचा पास मिळाला.

आज सेंगकांगला घरी पोचले की इराला खरं सांगेन, हे वचन.

आणि एक मागते. त्या मुलीचं नाव सांगा. मुलाखतीची यादी तुम्ही पाहिली होतीत. एकाचं काम करताना कोण मागे राहिलं, हे तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाहीत, आईलासुद्धा नाही. मलाही सांगणार नाही, माहीत आहे. तरी सांगा ना.

तुमची,
सुमी