चौथ्या बर्थचं माप

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर गेले पंधरा दिवस धरलेली आहे, तरी वाकून. ती का धरली ते पुढे येईलच.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघा जिने चढू देतो का? रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेतेस ना, की डबी उशाशी ठेवून नुसती तिच्याकडे बघतेस? बाल्कनीतल्या कुंड्या, समोरची खोकणारी शेजारीण, वरच्या मजल्यावर दिवसभर टेबलं सरकवणारा तो माणूस, सगळं ठीकठाक असेल असं धरून चालतो, कारण विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस. फोन केला की उचलतेस, कामात आहे म्हणतेस आणि ठेवून देतेस. म्हणून पत्र. यात निदान माझं बोलणं पुरं होईल.

आता मुद्दा. आम्ही गाडी घेऊन तीन दिवस तळ्याकाठी राहून आलो आणि तुला सांगितलं नाही. तुला ते कळलं माझ्या दुकानाशेजारच्या औषधवाल्याकडून, आणि त्यावर तुझा निरोप आला, ‘सहलीला जाऊन आलात म्हणे. आनंद आहे.’ ताई, तुझं ‘आनंद आहे’ मी लहानपणापासून ओळखतो. मी सातवीत गटांगळी खाल्ली तेव्हाही तू एवढंच म्हणाली होतीस, आणि पुढचे तीन दिवस घरात कुणी भांडंसुद्धा वाजवलं नव्हतं. तू चिडली असतीस तर मी निभावून नेलं असतं. पण तू दुखावली आहेस, आणि ते मला सहन होत नाही. दुकानात कापड बेतताना दोनदा चुकलो. तेव्हा पहिल्यापासून सगळं सांगतो, मग तू काय ते ठरव.

गाडीचं खूळ सासूबाईंमुळे निघालं. त्यांना हॉटेलात झोप येत नाही. (उशीला परक्या डोक्याचा वास येतो म्हणतात. मी हुंगून बघितलं, मला आला नाही, पण त्यांच्या नाकापुढे बोलायची माझी टाप नाही.) म्हणून तुझ्या वहिनीच्या डोक्यात आलं की आपलं अंथरूण आपल्यासोबत घेऊन फिरता येईल अशी गाडी घ्यावी, आत झोपायचं, दारात चूल पेटवायची, आवडलं तर राहायचं, नाही आवडलं तर पुढे जायचं. आम्ही जुन्या गाड्यांच्या बाजारात गेलो. तिथला विक्रेता प्रत्येक गाडीच्या पाठीवर थाप मारून बोलायचा, त्यामुळे मला सारखं वाटत होतं की यातली एखादी उलटून लाथ मारेल. पहिली दाखवली ती पांढरीशुभ्र, आत फ्रिज, न्हाणीघर, खिडक्यांना पडदे. (पडद्यांची शिवण तिरपी होती, पण मी गप्प बसलो.) मन अगदी भरलं. मग कळलं की हिला स्वतःचं इंजिन नाही, मोठ्या गाडीच्या मागे जोडून ओढावी लागते, आणि आमच्याकडे ओढायला आहे ती स्कूटर. दुसरीच्या टपावर उलगडणारा तंबू होता आणि वर चढायला शिडी. सासूबाईंनी शिडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या की एकदा चढेन, पण मग माझं जेवणखाण कायमचं वरच पोचवायचं. तिसरी एका बेकरीची व्हॅन होती. आतून रिकामी, इंजिन धडधाकट, टायर बरे, छताला गळती नाही. आमच्या लेकीने (हिला आम्ही हल्ली मास्तरीण म्हणतो, सोळाव्या वर्षीच सगळ्यांच्या चुका काढते) टाकीखाली डोकं घालून गंज पाहिला, तुझी वहिनी आत डोळे मिटून पाच मिनिटं उभी राहिली, आणि सासूबाईंनी मोठा श्वास घेऊन सांगितलं की हिला पावाचा वास आहे, हीच घ्या. जाणत्या लोकांनी मला इंजिनाबद्दल, ब्रेकबद्दल, वजनाबद्दल केवढे सल्ले दिले होते, आणि आम्ही गाडी घेतली ती नाकाने.

आता आत झोपायची सोय करायची होती. सुताराने विचारलं, माप काय? ताई, तीस वर्षं टेप गळ्यात घालून फिरणाऱ्या माणसाला कुणी असं विचारलं तर त्याला केवढा चेव येईल. मी तुझ्या वहिनीला, सासूबाईंना आणि मास्तरणीला भिंतीशी उभं केलं आणि टाचेपासून टाळूपर्यंत माप घेतलं, खांदे घेतले, सासूबाईंचा तर घेरही घेतला (त्या दोन दिवस बोलल्या नाहीत). चौथ्या बर्थचं मापही सुताराला लिहून दिलं. सुतार प्रामाणिक माणूस, कागदावर जे होतं ते त्याने सुताला सूत करून दिलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी काम पुरं झालं, त्यामुळे ट्रायल झाली नाही. गिऱ्हाइकाचा साधा सदरासुद्धा मी ट्रायलशिवाय हातात देत नाही, आणि स्वतःच्या कुटुंबाला मात्र तसंच गाडीत भरलं.

तळ्यावर पोचलो, जेवलो, दुपारी सगळे आडवे झाले, आणि माझी अब्रू गेली. माणूस उभा राहतो तसा झोपत नाही, ताई. तुझी वहिनी कुशीवर झोपते, गुडघे पोटाशी घेऊन. तिचे गुडघे बर्थच्या बाहेर लोंबायला लागले. सासूबाई पाठीवर झोपतात, त्या बसल्या बरोबर, पण इतक्या बरोबर की कूस बदलायला त्यांना आधी उठून बसावं लागे, मग वळून पुन्हा आडवं व्हावं लागे, आणि दर वेळी त्या जावयाचं नाव घेत, देवाचं घ्यावं तसं. मास्तरीण तिरकी झोपते हे मला सोळा वर्षांत माहीतच नव्हतं. तुझी वहिनी म्हणाली, लोकांच्या कपड्यांना शिवणीत दोन-दोन इंच माया सोडता, आम्हाला अर्धा इंच नाही सुटली? मला माया सोडायला शिकवलंस तू. पहिली पँट मी अंगाबरोबर कापली तेव्हा तू कात्री हातातून काढून घेतलीस आणि सांगितलंस की माणूस आज आहे तेवढाच उद्या राहत नाही, त्याच्यासाठी कापड आत मुडपून ठेवावं लागतं. धंद्यात ते मी कधी विसरलो नाही. चौथा बर्थ तर विचारूच नकोस. तो निघाला चार फूट अकरा इंच, आणि मी पाच आठ. सगळ्यांनी मला धारेवर धरलं. मी सांगितलं की शिंप्याला स्वतःचं माप घेता येत नाही, अंदाजाने सांगितलं, सुताराने ऐकताना घोळ घातला. तीन दिवस मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून झोपलो. कंबर तिथेच गेली.

दुसरी सकाळ वेगळीच. गाडीच्या बाजूवरची जुनी अक्षरं मी रंगवून बुजवली होती, पण रंग पातळ निघाला आणि सकाळच्या उन्हात ‘ताजे पाव’ असं लखलखीत वाचता येऊ लागलं. दार उघडून चहा ठेवतो न ठेवतो तोच शेजारच्या तंबूतले एक गृहस्थ पिशवी घेऊन हजर. मग दोन बायका. मग टॉवेल गुंडाळलेला एक पैलवान. मी पाणी आणायला गेलो होतो, आणि पुढे होत्या सासूबाई. त्या मला दिवसातून नऊ वेळा नाही म्हणतात, पण परक्या माणसाला नाही म्हणणं त्यांना जमत नाही. परत येऊन बघतो तर त्यांनी मास्तरणीकडून वही मागून घेतली होती आणि ऑर्डरी लिहून घेत होत्या. उद्या सकाळी सातला देते म्हणून कबूल करून बसल्या होत्या. पैलवानाला कडा भाजलेले हवे होते, तेही टिपलं होतं. मग काय, तिसऱ्या दिवशी पहाटे उठून मी सर्वांत जवळची बेकरी शोधली, ती निघाली अकरा किलोमीटरवर. परत आलो तेव्हा गाडीच्या जागेवर रांग लागलेली होती. सासूबाईंनी वहीत बघून एकेकाला हाक मारली. पैलवान पाव दाबून बघत म्हणाला, घरचेच दिसतात.

पण खोटं कशाला बोलू, मजा आली. दारात पायरीवर बसून चहा प्यायचा, समोर पाणी, कुणी पँट आखूड करून मागत नाही, मशीनचा आवाज नाही. (एका तंबूची चेन मी शिवून दिली, पण ती माझ्या खुशीने.) तुझी वहिनी त्या तीन दिवसांत जेवढी हसली तेवढी गेल्या तीन वर्षांत हसली नसेल. मास्तरणीने मला एकाही चुकीबद्दल टोकलं नाही, चुका एवढ्या होत्या की तिने नाद सोडला असावा. आणि सासूबाईंनी निघताना विचारलं, पुढचा मुक्काम कुठे.

तर असं आहे. तुला मुद्दाम वगळलं नाही. घाईघाईत ठरलं, आधीच गाडीत चौघांना जागा पुरेना, तुझे हाल झाले असते, म्हणून कळवलं नाही. मनात काही ठेवू नकोस. गोळ्या घे.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र तुझ्या वहिनीने वाचलं. सासूबाईंच्या ‘पुढचा मुक्काम कुठे’पर्यंत तिला सगळं पसंत पडलं. ‘तर असं आहे’च्या पुढचं तिला मुळीच पसंत नाही. ती म्हणते, एवढी चार पानं लिहिलीत, आता खरं लिहा, नाहीतर मी लिहीन. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे आणि ती काहीही मुडपून ठेवत नाही. म्हणून मीच लिहितो.

ता. क. दुसरा. सुताराची काही चूक नाही. त्याला मी दिलेलं माप चार फूट अकराच होतं. दुकानातल्या जुन्या वहीत तुझ्या नावाचं पान आहे, तुझ्या शेवटच्या गाऊनची लांबी एकोणपन्नास इंच. वर मान आणि डोकं मिळून दहा धरले. (स्वभावासाठी काही धरलं नाही, तेवढं लाकूड मिळालं नसतं.) गाडीत चार बर्थ होते ते तिघींचे आणि एक तुझा. माझा पहिल्यापासून नव्हताच, मी सीटवर झोपणार हे मी मनाशी ठरवलेलं होतं. तुला न सांगता दारात गाडी उभी करायची आणि चल म्हणायचं, असं मनात होतं. निघालो त्या सकाळी तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलोही होतो. तिथे दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून बसलो, आणि गाडी वळवली. तळ्यावर सासूबाईंनी त्या बर्थवर आपली पिशवी ठेवली, तर तुझ्या वहिनीने ती उचलून खाली ठेवली. मापाबद्दल मी काय थाप मारतोय हे तिला तेव्हाच माहीत होतं.

ता. क. तिसरा. का वळवली तेही लिही म्हणते. भीती वाटली, ताई. भावोजी गेले तेव्हा मी तुला आमच्याकडे राहायला चल म्हणालो होतो. तू म्हणालीस, तुमच्या दोन खोल्यांत मी कुठे मावणार. आणि मी ‘बरं’ म्हणालो. एकदाच विचारलं आणि ‘बरं’ म्हणून जिना उतरलो. तू वरून बघत होतीस. मी वर पाहिलं नाही, कारण खोल्या खरंच दोन होत्या आणि मला सुटल्यासारखं वाटलं होतं. त्याची मला दोन वर्षं लाज वाटते. तू पुन्हा तसंच म्हणशील आणि मी पुन्हा तसंच ऐकून खाली येईन, म्हणून गल्लीतून परतलो.

ता. क. शेवटचा. सुतार पुढच्या सोमवारी येतोय, सगळे बर्थ वाढवायचे आहेत. त्याला तुझं माप लागेल, पण या वेळी झोपलेलं. ते वहीत मिळत नाही आणि पत्रातून पाठवता येत नाही, तेव्हा रविवारी सकाळी दहाला मी टेप घेऊन वर येतो. गाडी खाली उभी असेल, तिघी आत असतील. तू नाही म्हण, रागाव, दार लावून घे, काय हवं ते कर. मी ‘बरं’ म्हणणार नाही.